केळी गटाचे दफ्तर स्वतःच्या सर्व्हरवर : यावल तालुक्यातील प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५

आमच्या केळी उत्पादक गटाचे सगळे दफ्तर एका लोखंडी कपाटात आहे : वजनकाट्याच्या पावत्या, व्यापाऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), सभासदांचे सातबारा व आठ-अ उतारे, पासबुकांच्या प्रती आणि फळपीक विम्याचे कागद. काट्याच्या बहुतेक पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असल्यामुळे पत्र्याखालच्या उन्हाळ्यात त्यांची अक्षरे उडून जातात, आणि पट्टीवरचे वजन काट्यावरच्या वजनाशी ताडून पाहण्याची वेळ येते तेव्हा हातात कोरा कागद उरतो. म्हणून कागद आल्या दिवशीच स्कॅन करायचा, तो नावाने शोधता येईल असा ठेवायचा, आणि सभासदांचे आधार व खाते क्रमांक बाहेरच्या कोणत्याही सेवेवर न टाकता गटाच्या कार्यालयातील यंत्रावरच ठेवायचे, असे बैठकीत ठरले.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून वापरलेला थिंकपॅड लॅपटॉप १४,५०० रुपयांना घेतला. त्याला ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी आहे. बॅकअपसाठी १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क ४,९०० रुपयांना मिळाली. तेवढ्याच पैशांत अधिक ताकदीचा डेस्कटॉपही आला असता. परंतु आमच्याकडे वीज दिवसातून केव्हाही डोळा मारते आणि डेस्कटॉपला यूपीएसचा खर्च वेगळा करावा लागला असता.

१४ एप्रिल

लॅपटॉपवर उबुंटू सर्व्हर २४.०४ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवली. बसवताना पुढे-पुढे करत गेल्यास हा इन्स्टॉलर एलव्हीएम पद्धतीने (भाग नंतर वाढवता येतील अशी) डिस्क वाटतो आणि एवढ्या आकाराच्या डिस्कवर मूळ फाइल प्रणालीला फक्त १०० जीबी देऊन उरलेली जागा मोकळी सोडतो. डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही कमांड चालवून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही. ‘एलव्हीएक्सटेंड’ने भाग वाढवला व ‘रिसाइझ२एफएस’ने फाइल प्रणाली त्या मापाची करून घेतली, चालू यंत्रावरच हे होते, पुन्हा सुरू करावे लागत नाही.

झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून लॉगिनडी या लिनक्सच्या सेवेच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच’ची किंमत ‘इग्नोअर’ केली.

२० एप्रिल

एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरण्याचा रस्ता. त्याचे पासवर्डने होणारे लॉगिन बंद करून फक्त चावीने (आपल्या संगणकात ठेवलेल्या गुप्त फाइलीने) आत येता यावे, एवढेच आजचे काम होते आणि त्यात अख्खी दुपार गेली. मुख्य ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिले, सेवा पुन्हा सुरू केली, तरी दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड टाकला की दार उघडतच होते. कारण असे की मुख्य फाइलच्या वरच्याच भागात ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या फोल्डरमधल्या फाइली आत घेतल्या जातात, त्यांत क्लाउड-इनिट या सुरुवातीची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने बनवलेली ५० क्रमांकाची फाइल असते, तिच्यात ‘येस’ लिहिलेले होते, आणि या प्रणालीत एखादी किंमत जिथे पहिल्यांदा भेटते तीच धरली जाते. त्यामुळे खाली काहीही लिहिले तरी उपयोग नाही. फाइलीत काय लिहिले आहे ते वाचत बसण्यापेक्षा ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवावे (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणे). त्यातला टी मोठा हवा. लहान टी फक्त व्याकरण तपासतो. मोठा टी सेवा प्रत्यक्षात कोणत्या नियमांनी चालेल ते छापून दाखवतो.

बाहेरून पोहोचण्याचा प्रश्न वेगळा होता. आमच्या जोडणीत राउटरला मिळणारा पत्ता १०० पासून सुरू होतो आणि तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात येतो, म्हणजे सेवा पुरवणारा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडून काहीही साधत नाही. टेलस्केल हे आपलीच यंत्रे खासगी जाळ्यात जोडणारे सॉफ्टवेअर बसवले, ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर चालते आणि आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीवर काम भागवते. गटाच्या सचिवांना, म्हणजे नानांना, फैजपूरहून मोबाइलवरून सर्व्हरपर्यंत पोहोचता येऊ लागले.

४ मे

पेपरलेस-एनजीएक्स हे स्कॅन केलेले कागद साठवून शोधून देणारे सॉफ्टवेअर डॉकरवर बसवले; डॉकर प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवतो. दोन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली मराठीची. कागदावरचा मजकूर ओळखण्यासाठी हे सॉफ्टवेअर टेसरॅक्ट वापरते, आणि टेसरॅक्टला मराठी येते. मात्र सेटिंग्जमध्ये जवळपास सारख्या नावाच्या दोन ओळी आहेत. ‘ओसीआर_लँग्वेज’ ही एकवचनी ओळ कोणत्या भाषांत वाचायचे ते सांगते आणि ‘ओसीआर_लँग्वेजेस’ ही अनेकवचनी ओळ कोणत्या भाषांचे सामान कंटेनरमध्ये उतरवायचे ते सांगते. इंग्रजी आणि काही युरोपीय भाषा आधीच असतात, मराठी नसते. एकवचनी ओळीत ‘मार’ व ‘इंग’ यांची जोडी आणि अनेकवचनी ओळीत ‘मार’, असे दोन्हीकडे लिहिल्यावर सातबारा व्यवस्थित वाचला गेला. काट्याच्या पावतीवरचे छापील आकडेही येतात. पेन्सिलीने लिहिलेले शेतकऱ्याचे नाव मात्र येत नाही, आणि ते येईल या आशेवर वेळ घालवू नये. नानांनी तक्रार केली, “भाऊ, पावती दिसते, पण नावानं शोधली तर सापडत नाही.” आता स्कॅन करणारा मुलगा प्रत्येक कागदाला सभासदाचे नाव हाताने लावतो. शंभर पावत्यांच्या गठ्ठ्याला पाऊण तास जातो, आणि त्यावर दुसरा इलाज आम्हाला सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट यूएफडब्ल्यूची. या फायरवॉलमध्ये एसएसएच सोडून सगळे बंद केलेले असतानाही कार्यालयातील वाय-फायवर आलेल्या कोणाच्याही मोबाइलवर पेपरलेसचे पान उघडत होते. डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्स या लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत घालतो आणि यूएफडब्ल्यूच्या बाजूने निघून जातो. कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच यंत्र) लिहिले आणि बाहेरचा रस्ता फक्त टेलस्केलमधून ठेवला.

१८ मे

दुपारी बाहेर ४४ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. मजकूर ओळखण्याचे काम सुरू असताना प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जाऊन स्वतःचा वेग कमी करत होता. लॅपटॉप कपाटावरून काढून उत्तरेकडच्या भिंतीलगत जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवला, आतली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. पेपरलेसला एका वेळी एकच काम आणि एकच धागा वापरायला सांगितले. कागद सावकाश वाचला जातो, एवढेच.

८ जून

दर वर्षीप्रमाणे मृगाच्या तोंडावर वादळ आले. बागा आडव्या झाल्या ते दुःख वेगळे. येथे सर्व्हरपुरते लिहितो. वीज रात्रभर नव्हती. बॅटरी काही तास टिकली व संपली. वीज आल्यावर लॅपटॉप आपोआप सुरू झाला नाही, कारण बॅटरी पूर्ण उतरलेला लॅपटॉप चार्जर जिवंत झाला म्हणून उठत नाही. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) चार्जर जोडताच सुरू होण्याचा पर्याय होता, तो चालू केला. विकत घेण्यापूर्वी हा पर्याय आहे का ते पाहून घ्यावे. प्रत्येक लॅपटॉपमध्ये तो नसतो. सर्व्हरवर डेस्कटॉप नसल्याने बॅटरी संपत आली म्हणून यंत्र रीतसर बंद करणारेही कोणी नसते. दर दोन मिनिटांनी बॅटरीची टक्केवारी वाचून १५ च्या खाली गेल्यास यंत्र बंद करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

उठल्यावरही एसएसएच लागेना. झाकण उघडून स्क्रीनवर पाहिले तर यंत्र दीड मिनिट बॅकअपच्या डिस्कची वाट पाहून आपत्कालीन स्थितीत जाऊन बसले होते; वादळात तिची केबल ढिली झाली होती. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कच्या नावाऐवजी तिचा यूयूआयडी हा ओळख क्रमांक लिहिला आणि ‘नोफेल’ हा पर्याय जोडला, जेणेकरून डिस्क नसली तरी यंत्र सुरू होईल. या ‘नोफेल’ने पुढे काय केले ते जुलैच्या नोंदीत आहे.

याच तपासणीत दिसले की रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला होत होता. यंत्राची वेळ यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) होती आणि ती कोणी बदललेली नव्हती. ‘टाइमडेटसीटीएल’ने आशिया/कोलकाता केली.

२९ जून

रोजची देखरेख माझ्याने होत नाही, म्हणून टर्मिनलवर स्वतः कमांड चालवणारा एआय एजंट लावला. त्याने सकाळी सेवा चालू आहेत का, डिस्क किती भरली, बॅकअप झाला का, अद्यतने कोणती बाकी आहेत हे पाहावे आणि किरकोळ दुरुस्ती करावी, अशी कल्पना. एजंटसाठी ‘सालदार’ (सालाने ठेवलेला शेतगडी) नावाचा वेगळा वापरकर्ता तयार केला. मॉडेल कंपनीच्या संगणकावर चालते, म्हणजे एजंट जे वाचेल ते बाहेर जाते. त्यामुळे सभासदांचे कागद त्याने उघडू नयेत, ही पहिली अट.

सूचनांची फाइल लांबलचक झाली. लिनक्स काळजीपूर्वक हाताळावे, सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे, शंका असल्यास विचारावे, सुडो वापरू नये, कागदपत्रे वाचू नयेत, डिस्क भरत आल्यास जागा मोकळी करावी, असे सगळे तीत होते. आता ती पुन्हा वाचताना दिसते की निम्मी वाक्ये कोणत्याही यंत्राला लागू पडतील अशी आहेत आणि आमच्या यंत्राबद्दल तीत फारच थोडे आहे. कोणता फोल्डर कशासाठी, बॅकअप कुठे जातो, कोणते कंटेनर असलेच पाहिजेत, हे एजंट रोज नव्याने शोधून काढत होता. त्यातच वेळ आणि टोकन (एआयच्या वापराचे मोजमाप) जात होते.

१३ जुलै

डिस्क ९३ टक्के भरली आणि एजंटने सूचनेप्रमाणे जागा मोकळी केली. अहवालात लिहिले होते की सात दिवसांहून जुन्या बॅकअप फाइली काढल्या असून आता ६१ टक्के जागा वापरात आहे.

सूचनेच्या शब्दाबाहेर त्याने काहीच केले नव्हते. काय काढायचे नाही ते आम्ही लिहिलेच नव्हते. आणि बॅकअपच्या फाइली मूळ डिस्कवर आल्या कशा? यूएसबी डिस्क जूनअखेरीस पुन्हा निसटली होती. ‘नोफेल’मुळे यंत्र कुरकुर न करता सुरू झाले, आणि बॅकअपची स्क्रिप्ट डिस्क जिथे जोडली जाते त्या रिकाम्या फोल्डरमध्येच, म्हणजे एसएसडीवर, लिहीत राहिली. आता स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘माउंटपॉइंट’ने तपासणी आहे, डिस्क जोडलेली नसेल तर ती एक बाइटही न लिहिता त्रुटी देऊन थांबते. यूएसबीची केबल भिंतीला क्लिपने बसवली.

एजंटच्या अधिकारांची उजळणी केली तेव्हा याहून गंभीर गोष्ट सापडली. सुडो वापरू नये असे लिहिलेले होते आणि सालदारला सुडो दिलेलाही नव्हता. पण कंटेनर पुन्हा सुरू करता यावेत म्हणून त्याला डॉकर गटात घातले होते. डॉकर गटातला वापरकर्ता संपूर्ण डिस्क कंटेनरमध्ये जोडून रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून हवे ते वाचू व बदलू शकतो. म्हणजे ‘कागदपत्रे वाचू नयेत’ हा नियम केवळ एका वाक्याच्या भरवशावर उभा होता. नानांना हे सांगितले तर ते म्हणाले, “सालदाराला गोठ्याची किल्ली द्यायची, तिजोरीची कशाला?”

त्याप्रमाणे बदल केले. सालदार डॉकर गटातून बाहेर. कागदांचा फोल्डर ७०० परवानगीचा (फक्त मालकाला उघडता येईल असा), वेगळ्या मालकाच्या नावे. बॅकअपचा फोल्डर सालदारला फक्त वाचता येतो, तोही यादीपुरता. आतल्या फाइली उघडता येत नाहीत. सुडोअर्समध्ये (सुडोचे अधिकार ठरवणाऱ्या फाइलीत) त्याला नेमक्या तीन स्क्रिप्ट चालवण्याची मुभा आहे : पेपरलेस पुन्हा सुरू करणे, त्याच्या लॉगच्या शेवटच्या २०० ओळी दाखवणे आणि अद्यतनांची यादी देणे. या स्क्रिप्ट रूटच्या मालकीच्या असून सालदारला त्या बदलता येत नाहीत, आणि त्यांना कोणताही पर्याय बाहेरून देता येत नाही. सुडोअर्समध्ये चांदणीचे चिन्ह (*, म्हणजे येथे काहीही चालेल) वापरण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण चांदणीच्या जागी काय येईल यावर आपला ताबा राहत नाही.

लॉगमधूनही माहिती गळते. पेपरलेस कोणती फाइल घेतली ते नावानिशी लॉगमध्ये लिहितो, आणि स्कॅन करणारा मुलगा फाइलींना सभासदाचे नाव व ‘पासबुक’ असे शीर्षक देत होता. आता फाइलीला फक्त तारीख व अनुक्रमांक मिळतो. नाव आत गेल्यावर लावले जाते. फाइलीचे नाव हा बाहेरून आलेला मजकूर असल्यामुळे त्यात कोणी एजंटला उद्देशून काही लिहिले तरी तेही याच बदलाने बंद झाले.

३ ऑगस्ट

बॅकअपवरून दफ्तर परत उभे करून पाहण्याचे ठरवले होते. दुसऱ्या जुन्या संगणकावर डेटाबेसची कालची फाइल उघडली, तर आत काहीच नाही. फोल्डरची यादी काढली. ९ जुलैपासून पुढची डेटाबेसची प्रत्येक फाइल बरोबर २० बाइटची होती.

रिकाम्या मजकुराची जीझिपने दाबून लहान केलेली फाइल २० बाइटची असते. ९ जुलैला मी कंपोजचा फोल्डर नीट नावाचा केला होता. डॉकर कंपोज कंटेनरचे नाव फोल्डरच्या नावावरून बनवतो, त्यामुळे डेटाबेसच्या कंटेनरचे नाव बदलले. डेटा थेट डिस्कवरच्या फोल्डरांत ठेवलेला असल्याने पेपरलेस नेहमीसारखा चालत राहिला, आणि बॅकअपची स्क्रिप्ट मात्र जुन्या नावाच्या कंटेनरला हाक मारत राहिली. डेटाबेसची प्रत काढणारा ‘पीजी_डंप’ अपयशी होत होता, पण त्याचे उत्तर पाइपने जीझिपकडे जात होते आणि जीझिप रिकामा मजकूरही आनंदाने बांधून शून्य हा यशाचा संकेत देत होता. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशमध्ये पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, असा नियम आहे. स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट -ओ पाइपफेल’ ही एक ओळ असती तर पहिल्याच रात्री बोंब झाली असती. कंटेनरचे नावही आता कंपोज फाइलमध्ये ठरवून दिले आहे.

एजंटचे रोजचे अहवाल काढून वाचले. प्रत्येकात ‘आजचा बॅकअप झालेला आहे’ असे होते, कारण सूचना ‘आजचा बॅकअप झाला का ते पाहावे’ अशीच होती आणि आजच्या तारखेची फाइल तिथे होती. मूळ कागद आणि चालू डेटाबेस शाबूत असल्याने काही गमावले नाही. नुकसान झाले असते तर हाताने लावलेली सगळी नावे गेली असती, कारण ती डेटाबेसमध्येच असतात. तेवढ्यासाठी त्याच दिवशी पेपरलेसच्या स्वतःच्या निर्यातीची एक प्रत काढून फैजपूरला नानांच्या घरी ठेवली.

१७ ऑगस्ट

सूचनांची फाइल नव्याने लिहिली. आता ती एका पानाची आहे. ‘काळजीपूर्वक’, ‘योग्य प्रकारे’ असले सगळे शब्द काढले. परवानगीनेच ज्या गोष्टी अशक्य केल्या आहेत त्यांची मनाईही बहुतेक काढून टाकली. सुरुवातीला यंत्राचे वर्णन आहे : कोणते कंटेनर, कोणते फोल्डर, कोणती डिस्क कुठे, कोणत्या तीन स्क्रिप्ट. त्यानंतर कामे, आणि प्रत्येक कामाला ते झाले हे कशावरून मानायचे. बॅकअपचा परिच्छेद असा आहे :

“बॅकअपच्या डिस्कवर ‘माउंटपॉइंट’ चालवून उत्तर जसेच्या तसे द्यावे. आजच्या आणि कालच्या डेटाबेस फाइलीचे आकार बाइटमध्ये लिहावेत. आजचा आकार कालच्या ९० टक्क्यांहून कमी असल्यास पहिल्या ओळीत ‘बॅकअप बिघडला’ असे लिहून थांबावे. दुरुस्तीचा प्रयत्न करू नये. रविवारी पुनर्स्थापना चाचणीच्या लॉगमधील दोन आकडे उतरवावेत.”

पुनर्स्थापना चाचणी एजंट करत नाही. शनिवारी रात्री रूटचा क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सेवा) शेवटचा बॅकअप तात्पुरत्या डेटाबेसमध्ये उतरवतो, चालू आणि तात्पुरत्या अशा दोन्ही डेटाबेसमधल्या ‘डॉक्युमेंट्स_डॉक्युमेंट’ या तक्त्याच्या नोंदी मोजतो आणि दोन आकडे लॉगमध्ये लिहितो. एजंट फक्त ते वाचून सांगतो. जे काम दर वेळी एकाच पद्धतीने व्हायचे आहे ते स्क्रिप्टने करावे. एजंटला न जुळणारे आकडे दिसल्यावर लॉगमध्ये कारण शोधण्याचे काम द्यावे, कारण ते त्याला खरोखर चांगले जमते. गेल्या आठवड्यात पेपरलेस अडकला तेव्हा मेमरी कमी पडून मजकूर ओळखणारी प्रक्रिया कर्नलने (कार्यप्रणालीच्या गाभ्याने) मारल्याची ओळ त्याने लगेच दाखवली. ४०० पानांचा एकच पीडीएफ कोणीतरी टाकला होता.

जागा मोकळी करण्याची सूचना आता नाही. डिस्क ८० टक्क्यांवर गेल्यास सर्वांत मोठ्या दहा फोल्डरांची यादी पाठवावी, एवढेच लिहिले आहे.

२१ सप्टेंबर

शेजारच्या गावातील गटाला हेच करायचे आहे, म्हणून खर्च मांडून ठेवतो. यंत्र व डिस्क मिळून १९,४०० रुपये. पेस्ट, केबल, क्लिपा मिळून सातशेच्या आत. एजंटचा खर्च महिन्याला तीनशे ते चारशे रुपये. जुन्या लांब फाइलवर तो जवळपास दुप्पट होता. वीज नगण्य. कागदांना नावे लावणाऱ्या मुलाचे मानधन हा यात सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो चालूच राहणार आहे.

त्यांना माझा सल्ला असा आहे की पहिले दोन महिने एजंट लावूच नये. बॅकअप स्वतः उतरवून पाहिल्यावर आणि परवानग्या पक्क्या झाल्यावर त्याला आणावे. आमच्याकडे क्रम उलटा झाला आणि जुलैचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

दोन कामे बाकी आहेत. लॅपटॉप चोवीस तास चार्जरवर असल्याने उष्णतेत बॅटरी फुगण्याची भीती आहे; चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधली आहे, पण यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती टिकते का ते अजून पाहायचे आहे. आणि विम्याचे अर्ज भरण्याच्या दिवसांत एकदम बरेच कागद येतात, त्याआधी ८ जीबी मेमरी १६ करून घ्यायची आहे. दुकानदाराने १,८०० रुपये सांगितले आहेत.